मातीतली बुरशी आणि मजुराची जखम

मातीतील बुरशीमुळे माणसाला होणाऱ्या आजारांचा विषय 2021 च्या म्युकरमायकोसिसच्या लाटेपासून विदर्भातील शेतकरी मेळाव्यांत, बचतगटांच्या बैठकांत आणि कृषी प्रदर्शनांच्या मांडवांत अधूनमधून निघत असतो, आणि निघाला की हमखास भरकटतो. एका बाजूला नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते असतात. त्यांच्या मते रासायनिक खतांनी आणि फवारण्यांनी माती नासली, तिच्यात रोगट बुरशी माजली, आणि शेणखत-जीवामृताकडे वळल्याशिवाय यातून सुटका नाही. दुसऱ्या बाजूचे लोक नेमके त्याच शेणखताच्या ढिगाकडे बोट दाखवतात, उकिरडे हीच रोगाची घरे असल्याचे सांगतात आणि शेतकऱ्याला बूट, हातमोजे व स्वच्छतेचे धडे देऊ लागतात. मग कोणी तरी ज्येष्ठ गृहस्थ उठून म्हणतात, आमचे आजे-पणजे याच काळ्या मातीत अनवाणी राबले, त्यांना कुठे काय झाले? यावर टाळ्या पडतात, चहा येतो आणि विषय संपतो.

या तिन्ही बाजूंचे वाद मातीच्या चारित्र्यावरून चालले आहेत. माती पवित्र की दूषित, एवढ्यावरच सगळे भांडतात, आणि त्या मातीत रोज आठ तास वाकून काम करणारी व्यक्ती चर्चेतून नाहीशी होते. माझे म्हणणे असे आहे की मातीतील बुरशीचे बहुतेक गंभीर आजार हे कामाचे आजार आहेत. सोंगणी, वेचणी, निंदण, मळणी करताना माणसाच्या पायाला, डोळ्याला किंवा फुफ्फुसाला जी इजा होते तिच्यातून ते होतात, आणि म्हणून गिरणीतल्या किंवा खाणीतल्या आजाराप्रमाणेच त्यांची नोंद झाली पाहिजे, तपासणी गावाजवळ मिळाली पाहिजे आणि नुकसानीची भरपाई झाली पाहिजे. हे मान्य केले की शेण विरुद्ध रसायन हा वाद बराचसा अप्रस्तुत ठरतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. बुरशीशिवाय शेतीची माती असूच शकत नाही. पऱ्हाटीचे खुंट, तुरीचा पाला, सोयाबीनचे कुटार कुजवून पुन्हा मातीत मिसळवण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांत बुरशी अग्रभागी आहे, आणि हरभऱ्याच्या मर रोगावर आपण बियाण्याला चोळतो ते ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच. इतकेच काय, बुरशीच्या आजारांवरची औषधेही मातीतूनच आली आहेत. म्युकरमायकोसिसच्या लाटेत ज्यासाठी नातेवाईक दारोदार फिरले ते ॲम्फोटेरिसिन बी व्हेनेझुएलातील मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळते, आणि 1961 च्या सुमारास पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये शोधलेले हॅमायसिन हे बुरशीनाशक तर महाराष्ट्राच्याच मातीतले. तेव्हा मातीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणाऱ्यांनी साक्षीदार म्हणूनही तिलाच बोलवावे लागेल.

प्रत्यक्षात काय घडते ते डोळ्याच्या उदाहरणावरून पाहू. डिसेंबर-जानेवारीत तूर सोंगताना वाळलेली, टोकदार फांदी झटकन सुटून डोळ्याला लागते. किंवा मळणीच्या वेळी थ्रेशरच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यात कुटाराचा कण जातो. बुबुळावर ओरखडा येतो, तो नखाने काचेवर रेघ ओढावी इतका बारीक असतो. बाई पदराचे टोक ओले करून डोळा पुसते आणि कामाला लागते, कारण गंजी आज संपायची असते आणि मजुरी संध्याकाळी मिळायची असते. फांदीवर आणि धुळीत असलेली फ्युजेरियम किंवा ॲस्परजिलस ही बुरशी त्या ओरखड्यात रुजते. दोन-तीन दिवसांनी डोळा लाल होतो, पाणी येते, उजेड सहन होत नाही. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय थेंब आणले जातात, आणि त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असते. लाली उतरते, ठणका कमी होतो, घरच्यांना हायसे वाटते, आणि आत बुरशीला मोकळे रान मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत बुबुळावर पांढरा व्रण उमटलेला असतो. व्रणाच्या खरवडीवर काचपट्टीवर टाकलेला पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब आणि साधा सूक्ष्मदर्शक एवढ्यावर जे निदान पहिल्याच आठवड्यात होऊ शकले असते, ते डोळा जायच्या बेताला आल्यावर होते. या सगळ्यात माती कुठे चुकली?

पायाचे दुखणे याहून संथ आणि म्हणून याहून फसवे आहे. बाभळीचा किंवा बोरीचा काटा मोडून तळव्यात राहतो, जखम भरून येते आणि विसरली जाते. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्या जागी न दुखणारी गाठ येते, सूज पसरते, कातडीला बारीक भोके पडतात आणि त्यांतून काळे, पांढरे किंवा लाल कण बाहेर पडू लागतात. हा मायसेटोमा. पूर्व विदर्भात सुजलेला पाय दिसला की लोक त्याला हत्तीपाय समजतात आणि रुग्ण स्वतःही तसेच समजून वर्षानुवर्षे घरी बसतो, कारण हत्तीपाय बरा होत नाही हे त्याने ऐकलेले असते. पुढे रोग हाडात उतरतो, आणि मग वर्षभराहून लांब चालणाऱ्या औषधाचा उपयोग मर्यादित राहतो. पाय कापण्याची वेळही येते. काही मायसेटोमा बुरशीमुळे होतात तर काही जिवाणूंमुळे, आणि दोन्हींची औषधे वेगळी, त्यामुळे नुसत्या अंदाजाने उपचार करून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये मायसेटोमाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. दुर्लक्षित हे विशेषण इथे शब्दशः खरे आहे.

आता नैसर्गिक शेतीवाल्यांचा मुद्दा. त्यात तथ्य आहे आणि ते मी मनापासून मान्य करतो. सेंद्रिय कर्ब घटला की मातीतील सूक्ष्मजीवांचा समतोल ढळतो आणि पिकांच्या मुळांवरचे काही रोग वाढतात, हे कोरडवाहू शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु माणसाला होणारा आजार रसायनांनी जन्माला घातला, या दाव्यापुढे इतिहास आडवा येतो. मदुराईत 1842 मध्ये जॉन गिल यांनी या पायाच्या आजाराचे वर्णन केले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी 1860 मध्ये त्याला मायसेटोमा हे नाव दिले. तेव्हा या देशातल्या कोणत्या शेतात युरियाची गोणी उघडली जात होती? 1974 मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात अवेळी पावसाने भिजलेला, बुरशी लागलेला मका खाऊन 397 जण आजारी पडले आणि त्यांतले 106 दगावले. ते बहुतांश गरीब आदिवासी कुटुंबांतले होते. ॲस्परजिलस फ्लेव्हस या मातीतल्याच बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष तयार व्हायला रसायनांची गरज पडली नव्हती. उलट बाजूने, शेणखतालाच खलनायक ठरवणाऱ्यांचेही खरे नाही. कुजणाऱ्या ढिगात ॲस्परजिलस फ्युमिगेटस भरपूर असते, ते पन्नास अंशांच्या वरची उष्णता सोसते, आणि कोरडा ढीग फावड्याने उपसताना त्याचे बीजाणू नाकात जातात, हे बरोबर आहे. पण निरोगी माणसाचे फुफ्फुस ते रोज निस्तरते. 2021 मध्ये म्युकर उसळले ते गावोगावचे उकिरडे अचानक वाढले म्हणून नव्हे. ज्यांची साखर आटोक्यात नव्हती अशा रुग्णांना कोविडमध्ये मोठ्या प्रमाणात स्टेरॉइड्स दिली गेली, हे त्यामागचे मुख्य कारण होते.

आजे-पणजे अनवाणी राबले हा युक्तिवाद भावनेला भिडतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. त्यांना काही झाले नाही हे आपल्याला कोणी सांगितले? एका डोळ्याने अधू असलेली आजी आणि काठी घेऊन चालणारा सालगडी जुन्या गावांत कोणाला नवा नव्हता. त्याचे कारण देवीचा कोप, करणी किंवा वय असे ठरवून लोक मोकळे होत. नारूचे तसेच होते. पायातून हातभर लांब जंत निघणे हे कित्येक पिढ्यांना नशिबाचा भाग वाटत असे. त्यावर ना लस होती ना औषध. तरीही 1980 च्या दशकात सुरू झालेल्या मोहिमेने गावोगावचे रुग्ण शोधले, पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, पाणी गाळायला कापड दिले, आणि 1996 मध्ये शेवटचा रुग्ण सापडल्यानंतर 2000 साली भारत नारूमुक्त ठरला. बुरशी नारूसारखी नाहीशी करता येणार नाही, तशी इच्छाही कोणी धरू नये. पण रुग्णाची नोंद हे स्वतःच औषधासारखे काम करते, हा धडा तिथलाच आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप सार्वजनिक आरोग्याच्या जाणकारांकडून येतो. सर्पदंश, क्षयरोग, सिकलसेल, फवारणीची विषबाधा, मधुमेह यांनी ग्रासलेल्या प्रदेशात, जिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकवणे मुश्किल, तिथे बुरशीच्या तुलनेने थोड्या रुग्णांसाठी नवी यंत्रणा मागणे म्हणजे प्राधान्यक्रम न कळणे नव्हे का? आक्षेप प्रामाणिक आहे. मीही बुरशीला क्षयरोगाच्या पंक्तीत बसवणार नाही. परंतु रुग्ण थोडे आहेत हे विधान ज्या नोंदींवर उभे राहायला हवे, त्या नोंदी करण्याची सक्तीच नसेल तर थोडे म्हणजे किती, हे कोण ठरवणार? म्युकरचा अनुभव बोलका आहे. मे 2021 मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार नोंदणीयोग्य करायला सांगितले आणि जूनअखेर देशात चाळीस हजारांवर रुग्णांचा आकडा समोर आला. नागपूर हे राज्यातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक होते. रुग्ण मोजले गेले म्हणून ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांचे राज्यवार वाटप करता आले, आणि टंचाई इतकी उघडी पडली की वर्ध्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. मोजणी झाली नसती तर कुप्या कोणत्या हिशेबाने पाठवल्या असत्या?

बूट आणि चष्म्यांच्या उपदेशाबद्दल मला थोडे कडवट बोलावे लागेल. ही साधने चांगली आहेत, आणि काट्यापासून जाड तळव्याची चप्पल नक्की वाचवते. पण ओल्या काळ्या मातीत बूट घालून ज्याने निंदण केले आहे त्याला ठाऊक असते की दहा पावलांत तळव्याखाली चिखलाचे जड ढेकूळ जमते, पाय उचलवत नाही, आणि शेवटी बूट धुऱ्यावर काढून ठेवावे लागतात. थ्रेशरजवळच्या उकाड्यात प्लास्टिकच्या चष्म्यावर घामाची वाफ धरते आणि समोरचे दिसेनासे होते; यंत्राच्या तोंडाशी न दिसणे हे धुळीपेक्षा घातक. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हाही पहिली प्रतिक्रिया काय होती? त्यांनी मास्क लावले नाहीत. कोणती औषधे कशात मिसळून विकली जात होती, सल्ला कोण देत होते, रुग्णालयात विषाचे निदान का होत नव्हते, हे प्रश्न नंतर आले. आपल्याकडे शेतमजूर आजारी पडला की चौकशी त्याच्या वागण्यापासून सुरू होते. कारखान्यात असे चालते का?

नाही चालत, आणि हे सांगायला विदर्भाइतकी योग्य जागा दुसरी नाही. नागपुरात 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि या प्रदेशाचा कापूस इथेच कातला-विणला जाऊ लागला. कापसाच्या धुळीने गिरणी कामगाराच्या फुफ्फुसाला होणारा बिसिनोसिस हा आजार पुढे कामगार नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक आजार म्हणून आला. 1948 च्या कारखाना कायद्याने तर यादीतल्या आजारांची खबर मुख्य कारखाना निरीक्षकाला देणे डॉक्टरवर बंधनकारक केले. कामगाराने तोंडाला फडके का बांधले नव्हते, हा प्रश्न भरपाईच्या आड येऊ नये ही त्यामागची समज होती, आणि ती समज यायला कामगार चळवळीला दीर्घकाळ झगडावे लागले. पण तोच कापूस ज्या शेतात पिकतो तिथल्या वेचणाऱ्या बाईच्या बुबुळात पऱ्हाटीचे टोक घुसून डोळा गेला, तर तो कायद्याच्या लेखी कोणता आजार? राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना अपघाती मृत्यू व अपंगत्वासाठी दोन लाखांपर्यंत मदत देते, आणि ती चांगलीच योजना आहे. मात्र ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. भूमिहीन मजूर बाई तिच्यात बसत नाही. शिवाय ती अपघाताची योजना आहे. फांदी लागली सोमवारी, डोळा गेला महिन्याने, आणि घालवला बुरशीने, तर याला अपघात म्हणायचे की आजार, यावर कार्यालयात किती फेऱ्या घालाव्या लागतील याची कल्पना ज्यांनी असे प्रस्ताव दाखल केले आहेत त्यांना येईल.

शहरी वाचकाला हे सगळे दूरचे वाटत असेल, तर त्याने दुधाचा हिशेब पाहावा. बुरशी लागलेली सरकीची ढेप जनावराने खाल्ली की अफ्लाटॉक्सिनचा एक अंश दुधात उतरतो आणि दूध उकळूनही तो जात नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या राष्ट्रीय पाहणीत 6,432 नमुन्यांपैकी 368 नमुन्यांत हे प्रमाण मर्यादेबाहेर आढळले. पाहणी झाली हे उत्तमच झाले. पण पेल्यात पोहोचणाऱ्या बुरशीच्या विषाची देशव्यापी मोजदाद होते आणि त्या जनावराला ढेप घालणाऱ्याच्या डोळ्यात गेलेल्या बुरशीची होत नाही, याचा अर्थ काय काढायचा?

उरला फवारणीचा प्रश्न, आणि इथे मात्र रसायनांच्या टीकाकारांच्या हाती एक खरा मुद्दा आहे, जो ते क्वचितच मांडतात. टेब्युकोनाझोल, प्रोपिकोनाझोल, हेक्झाकोनाझोल, डायफेनोकोनाझोल ही बुरशीनाशकांची नावे प्रत्येक कृषी केंद्राच्या फळीवर दिसतात. रुग्णालयातील इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल ही औषधे त्यांच्याच कुळातली, आणि दोन्हींचा घाव बुरशीतल्या एकाच विकरावर बसतो. शेतात फवारा पिकावरच्या रोगासाठी मारला जातो, पण तो खालच्या मातीतल्या ॲस्परजिलस फ्युमिगेटसवरही पडतो. त्यातून जे तगते ते औषधाला दाद न देणारे असते आणि त्याचे बीजाणू वाऱ्यावर कुठेही जातात. नेदरलँड्समध्ये असे रुग्ण आढळल्यावर हा संबंध लक्षात येऊ लागला, आणि 2012 मध्ये दिल्लीच्या संशोधकांनी त्याच प्रकारचा जनुकीय बदल असलेली बुरशी भारतातल्या मातीतूनही वेगळी करून दाखवली. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये जाहीर केलेल्या 19 धोकादायक बुरशींच्या यादीत ती सर्वांत वरच्या गटात आहे. यावर निविष्ठा विक्रेते आणि काही कृषितज्ज्ञ म्हणतात, आधी विदर्भातल्या एखाद्या शेतापासून एखाद्या रुग्णापर्यंतचा धागा सिद्ध करा, मग बोला. शिवाय सोयाबीनवर शेंगा करपू लागल्या तर शेतकऱ्याने काय करायचे? दुसरा प्रश्न रास्त आहे, आणि सरसकट बंदीची मागणी मी करणार नाही. पण पहिल्या अटीवर सरकार स्वतः तरी अडून बसलेले नाही. कोलिस्टिन हे माणसासाठी राखीव ठेवण्याजोगे प्रतिजैविक कोंबड्यांना व अन्य खाद्यप्राण्यांना देण्यावर जुलै 2019 मध्ये बंदी आली, ती कोंबडी ते रुग्ण असा प्रत्येक धागा जुळवून नव्हे. आणि विदर्भात ही बुरशीनाशके केवळ रोग दिसल्यावर मारली जातात असेही नाही. पीक हिरवेगार राहते, दाणा भरतो, असे सांगून ती टॉनिकासारखी विकली जातात. रोग नसताना मारलेल्या फवाऱ्याचा बचाव करपलेल्या शेंगांच्या नावाने कसा करता येईल?

खर्चाचा बाऊ करण्याजोगे यात फारसे काही नाही. नेपाळच्या भक्तपूर जिल्ह्यात 1990 च्या दशकात गावातल्याच कार्यकर्त्यांना बुबुळावरचा ओरखडा ओळखायला शिकवले आणि तीन दिवस साधे क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम लावायला दिले. इजा झाल्यापासून 18 तासांच्या आत आलेल्या 284 जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही; एक दिवस उलटल्यावर, पण दोन दिवसांच्या आत आलेल्या 49 जणांपैकी 14 जणांना झाला. ते मलम जिवाणूंवरचे होते, बुरशीवरचे नव्हे, आणि तरीही हा फरक पडला; वेळेवर पाहिले जाणे हीच त्यातली मुख्य गोष्ट होती. आपल्या आशा सेविकेला हे शिकवता येणार नाही का? ग्रामीण रुग्णालयात एक सूक्ष्मदर्शक आणि नॅटामायसिन या बुरशीवरच्या थेंबांचा साठा ठेवता येणार नाही का? हत्तीरोगाच्या पाहणीत सुजलेला पाय तपासताना, भोके आहेत का आणि कण पडतात का, एवढे दोन प्रश्न अर्जावर वाढवायला कोणता निधी लागतो?

दर वर्षी पेरणीच्या आधी प्रत्येक जिल्ह्यात खरीपपूर्व आढावा बैठक होते. बियाणे किती आले, खत किती लागेल, कर्जवाटप कुठवर आले यावर तासन् तास चर्चा होते, आणि जिल्ह्यात गेल्या हंगामात कोणते बुरशीनाशक किती विकले गेले याचा तपशीलही कृषी विभागाला विक्रेत्यांच्या साठा नोंदवह्यांतून काढता येतो. त्याच टेबलावर जिल्हा शल्यचिकित्सकांनी वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्र विभागातील बुबुळाच्या व्रणांची तालुकावार यादी ठेवावी, महिन्यांसह, म्हणजे सोयाबीनच्या मळणीचे आणि तुरीच्या सोंगणीचे महिने त्यात उठून दिसतात का ते कळेल. त्यासाठी विधिमंडळात कायदा मंजूर व्हायची वाट पाहावी लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी विषयपत्रिकेत एक ओळ वाढवली तरी येत्या खरिपापासून हे सुरू होऊ शकते.